राक्षस, गाढव आणि तराफ्यावरचा खलाशी

काळाकुट्ट समुद्र. अंगावर चालून येणाऱ्या लाटा. बुडालेल्या जहाजाच्या फळ्यांचा एक तराफा आणि त्याला बिलगून पालथा पडलेला एकटा खलाशी. जिवंत आहे एवढंच म्हणायचं. आसपास दुसरं माणूस नाही, की मदतीला येणारी बोट नाही. चित्राखालची ओळ मात्र सरकारी बातमीच्या कोरड्या भाषेत आहे: पेट्रोलचा दर एका पेनीने वाढला.

फिलिप झेक यांचं हे चित्र मार्च १९४२ मध्ये लंडनच्या 'डेली मिरर'मध्ये छापून आलं. नुकतंच, फेब्रुवारीत, सिंगापूर पडलं होतं. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये तेलवाहू जहाजं एकामागून एक बुडवत होत्या. झेक हे रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातले, शिंप्याचे चिरंजीव. हिटलर जिंकला तर आपलं काय होईल, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या मनातला अर्थ साधा होता: बाबांनो, तुम्ही गाडीत ओतता त्या पेट्रोलसाठी माणसं मरताहेत, जपून वापरा. त्यांनी आधी लिहिलेली ओळ मवाळ होती. 'कॅसांड्रा' या नावाने स्तंभ लिहिणारे सहकारी विल्यम कॉनर यांनी ती बदलून ही धारदार ओळ सुचवली. तिने घात केला.

सरकारने चित्र वाचलं ते असं: खलाशी बुडतात आणि तेल कंपन्या नफा कमावतात. चर्चिल भडकले. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी 'मिरर'च्या वरिष्ठांना बोलावून दम दिला, की युद्धकाळातल्या नियमाखाली पत्र बंद करू. ही पोकळ धमकी नव्हती. याच नियमाखाली कम्युनिस्टांचा 'डेली वर्कर' १९४१ च्या जानेवारीपासून बंद होता. संसदेत खडाजंगी झाली, झेक यांची पार्श्वभूमी गुप्तहेर खात्याने तपासली. शेवटी पत्र वाचलं.

हे चित्र मी बरेचदा पाहिलं आहे आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मला दर वेळी आधी सरकारला दिसलेलाच अर्थ दिसतो. झेक यांचा हेतू नंतर आठवावा लागतो. चित्रकाराने मनात काय धरलं होतं याला कागद बांधील नसतो. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. त्या वर्षात ब्रिटिश पत्रांत हिटलरची शेकडो चित्रं आली असतील. मंत्रिमंडळाची झोप उडवली ती ज्या चित्रात शत्रू दिसतच नाही त्याने.

युद्धातल्या विनोदाचा आढावा घ्यायचा म्हणजे हे कोडं समोर ठेवूनच घ्यावा लागतो.

शत्रूची टर उडवणं सोपं असतं, कारण त्याला परवानगी लागत नाही. जेम्स गिलरे यांचं १८०५ चं गाजलेलं चित्र घ्या. जेवणाच्या टेबलावर पृथ्वीच्या आकाराचं पुडिंग ठेवलं आहे. एका बाजूला सडपातळ, उंच पंतप्रधान पिट समुद्राचा मोठा घास कापतोय. समोर बुटका नेपोलियन खुर्चीतून जवळजवळ उठून युरोपचा तुकडा ओरबाडतोय. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर हॅना हम्फ्री यांच्या दुकानाच्या काचेवर गिलरे यांची नवी चित्रं लागली, की बघ्यांची गर्दी जमायची. प्रत्यक्षात नेपोलियन त्याच्या काळातल्या फ्रेंच पुरुषांच्या सर्वसाधारण उंचीचा होता. पण गिलरे यांनी त्याला असा काही खुजा करून टाकला, की दोनशे वर्षं उलटली तरी आपल्याकडचं शाळकरी पोरही 'नेपोलियन बुटका होता' हे ठामपणे सांगतं. व्यंगचित्राची ताकद म्हणतात ती ही. मात्र याच गिलरे यांना १७९७ पासून पिटच्या सरकारकडून वार्षिक तनखा मिळत होता. या चित्रात पिटही हावरट दिसतो हे खरं. पण दोघांपैकी हसू कुणाचं जास्त येतं ते चित्र पाहून ठरवा.

आपल्याला जवळचं, आणि जास्त बोचणारं उदाहरण 'पंच'चं. १८५७ च्या उठावाच्या बातम्या लंडनला पोहोचल्या आणि २२ ऑगस्टच्या अंकात जॉन टेनिएल यांचं मोठं चित्र आलं: ब्रिटिश सिंह बंगाली वाघावर झेप घेतोय, वाघाच्या पंजाखाली एक गोरी बाई आणि तिचं मूल. यात विनोदाचा लवलेश नाही. विनोदी साप्ताहिकाने छापलेलं हे सुडाचं आवाहन आहे. नंतर हिंदुस्थानात गावंच्या गावं जाळली गेली, झाडांना माणसं टांगली गेली. हे सगळं एका चित्रामुळे झालं असं कुणी म्हणणार नाही, पण वाघाला मारताना कुणाला अपराधी वाटत नाही, आणि समोरच्या माणसांचा वाघ करून देण्याचं काम टेनिएल यांनी चोख बजावलं. हेच गृहस्थ आठ वर्षांनी 'अॅलिस इन वंडरलँड'ची चित्रं काढून जगभरच्या मुलांचे लाडके झाले. हात तोच, टाकही तोच.

पहिल्या महायुद्धात ही वाट हमरस्ता झाली. म्युनिकच्या 'सिम्प्लिसिसिमुस'ची गोष्ट त्या दृष्टीने शोचनीय आहे. साखळी तोडलेला लाल बुलडॉग हे या साप्ताहिकाचं बोधचिन्ह. कैसरच्या पॅलेस्टाईन दौऱ्याची थट्टा केली म्हणून १८९८ मध्ये त्याचे चित्रकार थॉमस थिओडोर हाइने तुरुंगात गेले, प्रकाशक परागंदा झाला. एवढं धाडसी पत्र. पण ऑगस्ट १९१४ उजाडला आणि संपादक मंडळींपुढे प्रश्न आला, की आता अंक बंद करायचा का? बंद नाही केला. देशाच्या पाठीशी उभं राहायचं ठरवून त्यांनी इंग्रज आणि फ्रेंचांवर चित्रं काढायला घेतली. बुलडॉगच्या गळ्यात साखळी त्यांनी स्वतःच अडकवली. पुढे १९३३ मध्ये नाझींनी पत्र ताब्यात घेतलं तेव्हा ज्यू असलेल्या हाइने यांना देश सोडून पळावं लागलं.

पलीकडच्या बाजूला तटस्थ हॉलंडमध्ये लुई रामाकर्स 'टेलेग्राफ'मध्ये जर्मनांची अशी चित्रं काढत होते, की जर्मनीने त्यांच्या डोक्यावर इनाम लावल्याची वदंता पसरली. मग ते लंडनला गेले आणि त्यांच्या चित्रांचा प्रचारासाठी जगभर वापर झाला. बेल्जियममध्ये जर्मन सैन्याने नागरिकांना ओळीत उभं करून मारलं होतं, ते खोटं नव्हतं. पण त्यात इतकं मीठमसाला लावलेलं मिसळलं गेलं, की युद्धानंतर भांडं फुटल्यावर लोकांचा खऱ्यावरचाही विश्वास उडाला. पुढच्या युद्धात छळछावण्यांच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा अनेक सुबुद्ध माणसांनी 'हे मागच्यासारखंच' म्हणून मान फिरवली. राक्षस रंगवण्याची किंमत ही अशी, वीस वर्षांनी आणि भलत्याच माणसांनी चुकवलेली.

मग त्या युद्धात हसण्यासारखं काहीच निघालं नाही का? निघालं, खंदकातून. ब्रूस बेर्न्सफादर हा सैन्यातला अधिकारी. इप्रच्या दुसऱ्या लढाईत जखमी होऊन इस्पितळात पोहोचला. त्याच्या एका चित्रात तोफगोळ्याने पाडलेल्या खड्ड्यात दोन शिपाई मानेपर्यंत दडून बसलेत, चहूकडे गोळे फुटताहेत, आणि झुबकेदार मिश्यांचा म्हातारा शिपाई वैतागून शेजाऱ्याला म्हणतोय, याच्यापेक्षा बरा खड्डा ठाऊक असेल तर जा की तिकडं! या चित्रात जर्मन कुठे आहे? कुठेच नाही. आहे तो चिखल, आणि दुसरा पर्याय नसलेली दोन माणसं. सुरुवातीला काही बड्यांनी नाकं मुरडली, की ब्रिटिश शिपाई असा गबाळा दाखवतात होय? शिपायांनी मात्र ती चित्रं खंदकांच्या भिंतींवर डकवली. मग युद्धखात्यानेच बेर्न्सफादरला मित्रराष्ट्रांच्या सैन्यांसाठी चित्रं काढायला नेमलं.

इप्र या नावाचा उच्चार इंग्रज शिपायांना जमत नसे. ते त्याला 'वायपर्स' म्हणत. तिथल्या पडझडीत कॅप्टन फ्रेड रॉबर्ट्स यांच्या तुकडीला एक छापखाना सापडला आणि फेब्रुवारी १९१६ मध्ये 'वायपर्स टाइम्स' निघाला. यातल्या खोट्या जाहिराती आजही वाचाव्यात. एक जाहिरात विचारते, तुम्हाला आशावादाची बाधा झाली आहे का? मग लक्षणं येतात: सकाळी उठल्यावर सगळं बरं चाललंय असं वाटतं? युद्ध वर्षभरात संपेल असं वाटतं? आपले पुढारी युद्ध नीट चालवतील असा विश्वास वाटतो? तर ताबडतोब उपचार घ्या. हे लिहिणारे पळपुटे नव्हते, आघाडीवर लढत होते.

फ्रान्समध्ये १९१५ च्या सप्टेंबरात मोरिस आणि जान मारेशाल या दांपत्याने 'कनार आँशेने' काढलं. कनार म्हणजे बदक, बोलीत फालतू वर्तमानपत्र आणि खोटी अफवाही. आँशेने म्हणजे साखळीने बांधलेलं. साखळी अर्थातच सेन्सॉरची. या पत्राने वाचकांकडून मतं मागवली, की देशभक्तीच्या नावाखाली थापा मारून लोकांची डोकी भरणारा सर्वांत मोठा पत्रकार कोण? वाचकांनी गुस्ताव्ह एर्व्हे यांना बहुमताने निवडून दिलं. मे २०२५ मध्ये आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केल्याची बातमी रात्रभर चालवली, सकाळी बंदर जागेवरच निघालं. त्यानंतर फोनवर जे विनोद फिरले त्यात पाकिस्तानच्या नावाने नेहमीचे होतेच, पण लक्षात राहिले ते आपल्याच निवेदकांवरचे. तेव्हा मला त्या बदकाची आठवण झाली. शंभर वर्षांनीही अशी मतमोजणी घ्यायला हरकत नव्हती. चुरस झाली असती.

अमेरिकेत 'द मासेस' या मासिकावर युद्धविरोधी चित्रं आणि लेखांसाठी खटला भरला गेला. आरोपींमधले चित्रकार आर्ट यंग यांना १९१८ मध्ये सुनावणी चालू असताना चक्क डुलकी लागली. वकिलाने हलवून जागं केलं, तर त्यांनी हातातल्या कागदावर स्वतःचंच घोरणारं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, की आर्ट यंग, जिवावरच्या खटल्यात. खटला दोनदा चालला, दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत होईना, सुटले. आणि १९१९ च्या मे महिन्यात, शांततेचा तह होऊ घातला असताना, विल डायसन यांनी 'डेली हेरल्ड'मध्ये चित्र काढलं: तह करून बाहेर पडणारे चार बडे नेते, त्यातले क्लेमांसो म्हणताहेत की कुठून तरी मूल रडल्याचा आवाज येतोय. खांबाआड एक नागडं मूल रडतंय. त्याच्या डोक्यावर लिहिलंय: १९४० ची तुकडी. भविष्यवाण्यांवर माझा विश्वास नाही. हे चित्र अपवाद.

दुसऱ्या महायुद्धाचं नाव काढलं की डेव्हिड लो. न्यूझीलंडचा हा माणूस लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड'मध्ये, मालक बीव्हरब्रूक यांच्याशी मतं जुळत नसतानाही, स्वतःच्या मनाने चित्रं काढायचा. नाझींनी १९३३ मध्येच त्याच्या चित्रांपायी ते पत्र जर्मनीत बंद केलं. १९३७ मध्ये लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले, तर गोबेल्सने त्यांच्याकडे या चित्रांचीच तक्रार केली. परत आल्यावर हॅलिफॅक्सनी लोला जरा हात आखडता घ्यायला सांगितलं. लोने काही दिवस ऐकलं, पण हिटलर आणि मुसोलिनी यांची सरमिसळ करून 'मझ्लर' नावाचं एक नवंच पात्र उभं केलं. ऐकल्यासारखंही झालं, आणि न ऐकल्यासारखंही.

लोचं एक निरीक्षण मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. त्याचं म्हणणं असं, की हुकूमशहाला अक्राळविक्राळ राक्षस म्हणून रंगवलं तर तो खूश होतो; आपली दहशत वाढते, त्याला हवंच असतं. त्याला झोंबतं ते गाढव म्हणून रंगवलेलं. २० सप्टेंबर १९३९ चं त्याचं चित्र बघा. पोलंडच्या पडक्या जमिनीवर एक माणूस मरून पडला आहे. त्याच्या एका बाजूला हिटलर, दुसऱ्या बाजूला स्टालिन. दोघेही टोप्या उंचावून, कमरेत वाकून, लग्नाच्या मांडवात व्याही भेटावेत तशा अदबीने एकमेकांना शिव्या घालताहेत. वर्षानुवर्षं परस्परांना दिलेल्या त्याच शिव्या, फक्त आता नमस्कारासारख्या. दोघांपैकी कुणाच्याही तोंडाला रक्त लावलेलं नाही. ते दोघे हास्यास्पद आहेत, आणि प्रेत खरं आहे.

लोची सावली आपल्यावरही पडली आहे. म्हैसूरला लहानपणी आर. के. लक्ष्मण ही चित्रं बघायचे आणि सही नीट न लागल्याने चित्रकाराचं नाव 'काऊ' आहे असं समजायचे, हा किस्सा त्यांनीच सांगितला आहे. बाळ ठाकरेही लोला मानत. युद्धाच्या दिवसांत 'टाइम्स ऑफ इंडिया'त येणारी बॅनबेरी यांची चित्रं बघायची सवय वडिलांनी, प्रबोधनकारांनी, लावली असं ते सांगत. मुंबईच्या राजकीय व्यंगचित्राची मुळं अशी थेट त्या युद्धाच्या पानांत गेलेली आहेत.

राक्षस काढणाऱ्यांची फळी या युद्धातही मोठी होती. मॉस्कोत तीन चित्रकार मिळून 'कुक्रिनिक्सी' या एकाच नावाने चित्रं काढत. बोरिस येफिमोव्ह तर १०८ वर्षं जगला आणि स्टालिनने बोट दाखवलेल्या प्रत्येक शत्रूवर त्याने टाक चालवला. त्याच स्टालिनच्या राजवटीने १९४० मध्ये त्याचा सख्खा भाऊ गोळी घालून मारला होता. न्यूरेंबर्गमध्ये 'डेर श्ट्युर्मर' काढणाऱ्या युलिउस श्ट्राइखरने ज्यूंची किळसवाणी चित्रं आठवड्यामागून आठवडा छापली. ती काढणारा 'फिप्स' तुरुंगात गेला. श्ट्राइखर १९४६ मध्ये फासावर गेला. त्याच्या हाताखाली सैन्याची एक तुकडीही नव्हती, फास पडला तो वर्तमानपत्रापायी.

पण ही फक्त दुष्टांची कामं असं समजून आपण सुटत नाही. थिओडोर गाइझेल, म्हणजे मुलांचे लाडके डॉ. सूस, हे नाझींचे कडवे विरोधक. न्यूयॉर्कच्या 'पीएम' या पत्रात त्यांनी वंशद्वेषाची खिल्ली उडवणारी झकास चित्रं काढली. याच माणसाने १३ फेब्रुवारी १९४२ ला चित्र काढलं, की अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे जपानी वंशाचे लोक, सगळे एकाच चेहऱ्याचे, रांग लावून स्फोटकांची पुडकी घेताहेत आणि मायदेशाच्या इशाऱ्याची वाट बघताहेत. सहाच दिवसांनी राष्ट्राध्यक्षांचा हुकूम निघाला आणि सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत कोंबण्याची सुरुवात झाली. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. पुढे सूस जपानला जाऊन आले आणि १९५४ चं 'हॉर्टन हिअर्स अ हू!' हे पुस्तक त्यांनी एका जपानी मित्राला अर्पण केलं. छावणीत वर्षं काढलेल्यांना त्याचं काय?

आता एरिक ओझर. 'ई. ओ. प्लाउएन' या टोपणनावाने त्याने काढलेली 'बाप आणि लेक' ही शब्दांविना चित्रमालिका जर्मनीत घरोघरी लाडकी होती. नाझींनी आधी त्याच्यावर बंदी घातली, मग वापरून घेतलं. युद्ध सुरू झाल्यावर तो 'दास राइश' या सरकारी साप्ताहिकात चर्चिल, रूझवेल्ट, स्टालिन यांच्यावर चित्रं काढायचा. दिवसा हे काम. संध्याकाळी मित्र एरिक क्नाउफबरोबर हिटलर आणि गोबेल्सवर विनोद. ओझरला कमी ऐकू यायचं, त्यामुळे बोलणं मोठ्याने व्हायचं. घरातच राहणाऱ्या एका शेजाऱ्याने ते ऐकलं, टिपून ठेवलं आणि कळवलं. एप्रिल १९४४ मध्ये खटल्याच्या आदल्या रात्री ओझरने कोठडीत जीव दिला. क्नाउफचा महिन्याभराने शिरच्छेद झाला, आणि त्या शिक्षेच्या खर्चाचं बिल त्याच्या विधवेला पाठवण्यात आलं.

याच काळात दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका युद्धविधवेलाही एका विनोदापायी मृत्युदंड झाला. विनोद असा: हिटलर आणि गोअरिंग बर्लिनच्या रेडिओ मनोऱ्यावर उभे आहेत. हिटलर म्हणतो, बर्लिनकरांना खूश करावंसं वाटतंय. गोअरिंग म्हणतो, मग मार की खाली उडी. एवढाच. ही बाई भूमिगत चळवळीतली नव्हती. तिने तो एका सहकाऱ्याला सांगितला होता. अशा विनोदांनी राजवट हलली का, हा प्रश्न अभ्यासक नेहमी विचारतात आणि उत्तर बहुधा 'नाही' असंच येतं. उलट वाफ निघून गेल्यामुळे माणसं मुकाट राहिली असंही काही म्हणतात. मला ते जरा जास्तच शहाणपणाचं वाटतं. ज्या बाईची मान गेली तिला ही चर्चा ऐकवता आली असती तर बरं झालं असतं.

दक्षिण फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत हॉर्स्ट रोझेंथाल या तरुण ज्यू कैद्याने १९४२ मध्ये एक चिमुकली चित्रपुस्तिका केली. मिकी माऊसला कागदपत्रं नाहीत म्हणून पकडून छावणीत आणतात. तो चिंचुंद्रीसारखा इकडेतिकडे फिरून राशनचा पाव भिंगातून शोधतो. मुखपृष्ठावर रोझेंथालने अगत्याने नमूद केलं आहे, की हे वॉल्ट डिस्नेंच्या परवानगीविना प्रकाशित. मिकी शेवटी स्वतःला खोडून टाकतो आणि निसटतो, कारण तो चित्रातला. रोझेंथालला त्याच सप्टेंबरात आउश्वित्झला नेऊन मारण्यात आलं. चार्ली चॅप्लिनने 'द ग्रेट डिक्टेटर' १९४० मध्ये केला होता. छावण्यांत खरं काय चाललंय ते ठाऊक असतं तर आपल्याला असा विनोद करता आला नसता, असं त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. त्याचा संकोच समजतो. पण आत बसलेला माणूस करत होता.

बेर्न्सफादरचा वारसा या युद्धात बिल मॉल्डिन या अमेरिकन पोराने चालवला. विली आणि जो हे त्याचे दोन पायदळ शिपाई, दाढीची खुंटं वाढलेले, चिखलाने माखलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' या सैन्याच्या पत्रात ते यायचे. जनरल पॅटनना ते दोघे डोळ्यांसमोर नको झाले. त्यांच्या सैन्यात शिपायाने लढाईतही दाढी करून टाय बांधावा असा दंडक होता. १९४५ च्या सुरुवातीला त्यांनी मॉल्डिनला लक्झेंबर्गला बोलावून फैलावर घेतलं. पॅटन मूर्ख नव्हते. शिस्त सुटली की माणसं मरतात हा त्यांचा अनुभव होता. पण वरून आयझेनहॉवर यांचं म्हणणं पडलं, की पोराला त्याच्या मनाने काढू द्या. त्याच वर्षी, तेविसाव्या वर्षी, मॉल्डिनला पुलित्झर मिळालं. ज्या चित्राला मिळालं त्याखाली विजयाने फुललेल्या ताज्यातवान्या फौजेची छापील बातमी आहे. वर चित्रात पाऊस कोसळतोय आणि विली खालमानेने काही कैदी घेऊन चाललाय. ओळखू येत नाही, कोण कैदी आणि कोण विजेता.

आपल्या उपखंडात या सगळ्याचं एक उदाहरण आहे ज्याची मराठीत फारशी दखल घेतली गेली नाही. १९७१ च्या मे महिन्याच्या २५ तारखेपासून कोलकात्याच्या बालीगंजमधल्या एका घरातून 'स्वाधीन बांगला बेतार केंद्र' हे बांगलादेशच्या निर्वासित सरकारचं रेडिओ केंद्र चालू झालं. त्यावर एम. आर. अख्तर मुकुल हे 'चरमपत्र' नावाचा कार्यक्रम स्वतः लिहायचे, स्वतःच वाचायचे, तेही शुद्ध बांगलात नव्हे. जुन्या ढाक्यातला टांगेवाला बोलेल तसली ठसकेबाज बोली. त्यात याह्याखान, टिक्काखान, नियाझी या पाकिस्तानी सेनानींची फजिती व्हायची, आणि गनिमी लढणाऱ्या पोरांना 'बिच्छू' म्हटलं जायचं. खेड्यापाड्यांत लोक दारं-खिडक्या लावून, आवाज अगदी बारीक ठेवून ऐकायचे. पकडले गेले तर गोळी होती. १६ डिसेंबरला शरणागती झाली तोवर हे चाललं. त्याच युद्धात चित्रकार कामरुल हसन यांचं भित्तिपत्रकही गाजलं: याह्याखानाचा लालभडक, सुळे काढलेला चेहरा, आणि अशा जनावरांना ठार करा हे आवाहन. ज्यांची माणसं मारली जात होती त्यांनी राक्षस रंगवला तर त्यांना दोष देणारे आपण कोण? तरीही भित्तिपत्रक आज संग्रहालयात बघावं लागतं, आणि 'चरमपत्र' ऐकलेली म्हातारी माणसं त्यातल्या नकला आजही करून दाखवतात.

झेक यांच्या खलाशाकडे परत येतो, कारण तो स्वतःच परत आला. १९८२ च्या फॉकलंड युद्धात लेस गिबर्ड यांनी 'गार्डियन'मध्ये त्या चित्राची नक्कल काढली: तोच समुद्र, तोच तराफा, तोच खलाशी. खालची ओळ फक्त बदलली: सार्वभौमत्वाची किंमत वाढली. त्याच आठवड्यात अर्जेंटिनाचं 'बेल्ग्रानो' आणि ब्रिटनचं 'शेफील्ड' ही दोन्ही जहाजं बुडवली गेली होती किंवा मोडली होती, त्यामुळे तराफ्यावरचा माणूस कोणाचा हे सांगता येत नव्हतं. 'सन'ने ताबडतोब देशद्रोहाची आरोळी ठोकली. चाळीस वर्षांत खलाशाचं काही बदललं नव्हतं, ओरडणाऱ्यांचंही नाही.

पॅलेस्टाईनच्या नाजी अल-अली यांचा 'हंजला' हा दहा वर्षांचा अनवाणी मुलगा. १९७३ नंतर तो वाचकाकडे पाठ करून, हात मागे बांधून उभा राहिला तो राहिलाच. नाजींनी इस्रायलला सोडलं नाही तसं अरब राज्यकर्त्यांना आणि आपल्या पुढाऱ्यांनाही सोडलं नाही. जुलै १९८७ मध्ये लंडनमध्ये भर रस्त्यात त्यांना गोळी घातली गेली, ऑगस्टमध्ये ते गेले. कुणी मारलं ते सिद्ध झालेलं नाही. संशयितांची यादी लांब आहे, हेच त्यांच्या चित्रांचं प्रमाणपत्र. सीरियात अली फर्झात यांना २०११ मध्ये बुरखेधाऱ्यांनी गाठलं आणि त्यांचे हात मोडले. कुठे मारायचं ते मारणाऱ्यांना नेमकं ठाऊक होतं.

हल्लीच्या युद्धात टाकाची जागा फोनने घेतली आहे. युक्रेनचे शेतकरी ट्रॅक्टरला बांधून रशियन रणगाडे ओढून नेतात ही थट्टा काही तासांत जगभर झाली. युक्रेनच्या टपालखात्याने रशियन युद्धनौकेला हाताने अश्लील खूण करणाऱ्या सैनिकाचं तिकीट १२ एप्रिल २०२२ ला काढलं, आणि दोनच दिवसांनी 'मोस्कव्हा' ही नौका खरोखर बुडाली. टपाल कचेऱ्यांपुढे रांगा लागल्या. झकास योगायोग, पण रोजच्या रोज येणाऱ्या त्या शेकडो चित्रफितींमध्ये मरणाऱ्या शिपायावर गाणं लावून हसणाऱ्याही असतात. त्या बघताना माझं बोट पटकन पुढे सरकतं.

शेवटचं उदाहरण थोडं मागचं: बोस्नियाच्या युद्धात सारायेव्होला वेढा पडला तो १,४२५ दिवस. पाणी नाही, वीज नाही, गॅस कधी आहे कधी नाही, डोंगरावरून नेमबाज रस्ता ओलांडणाऱ्याला टिपताहेत. शहरातल्या माणसांचा एक विनोद होता: सारायेव्हो आणि आउश्वित्झमध्ये फरक काय? तिथे गॅस तरी होता. बाहेरच्याने हा सांगू नये. 'फामा' या गटाने १९९३ मध्ये पर्यटकांच्या मार्गदर्शिकेच्या धर्तीवर पुस्तिका काढली: इथे काय खावं, पाणी कुठे मिळतं, सरपण कशाचं करावं, कुठल्या चौकात पळत सुटावं. 'ट्रायो' या चित्रकार त्रयीने शीतपेयाच्या जगप्रसिद्ध लाल जाहिरातीच्या वळणात शहराचं नाव लिहून 'आस्वाद घ्या' म्हणत पोस्टकार्डं छापली. त्याच वर्षी एका तळघरात सौंदर्यस्पर्धा झाली आणि स्पर्धक मुलींनी हातात फलक धरला, की आम्हाला मारू देऊ नका.

या लोकांनी शत्रूवर फारसे विनोद केलेच नाहीत. त्यांचा रोख मदत पाठवून स्वस्थ बसलेल्या जगावर होता. मदतीत गोमांसाचे डबे यायचे, 'इकार' नावाचे. ते इतके बेचव, की कुत्र्या-मांजरांनीही तोंड लावलं नाही असं सारायेव्होकर शपथेवर सांगतात. वेढा उठल्यावर अकरा वर्षांनी, २००७ मध्ये, शहरातल्या इतिहास संग्रहालयाजवळ एक स्मारक उभं राहिलं. संगमरवरी चौथरा, आणि त्यावर भलामोठा तो डबा, सोनेरी-निळ्या रंगात, वेष्टनासकट. चौथऱ्यावर कोरलेलं आहे, की आंतरराष्ट्रीय समुदायास, सारायेव्होच्या कृतज्ञ नागरिकांकडून.